खड्ड्याची संयुक्त पाहणी

रस्ते विभाग आणि पाणी विभाग एकाच मजल्यावर, एकाच व्हरांड्याच्या दोन टोकांना होते आणि त्यांच्यात पिढीजात वैर होते. वैराचे मूळ कोणालाच ठाऊक नव्हते. रस्तेवाल्यांनी रस्ता गुळगुळीत केला की पाणीवाल्यांना त्याखाली गळतीचा संशय येई, एवढे मात्र आजोबांच्या काळापासून चालत आले होते. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी बोलू नये, असा दंडक होता. अपवाद एकच : खड्ड्याची संयुक्त पाहणी.

अशाच एका पाहणीच्या वेळी पाणी विभागाचा तरुण अभियंता खड्ड्यात उभा होता आणि रस्ते विभागाची तरुण अभियंता काठावर. त्याने वर पाहिले. तिने खाली पाहिले. पुढचे वर्णन करण्याइतका माझा या विषयाचा अनुभव नाही.

"गळती सापडली?" तिने विचारले.

"नाही. उद्याही शोधावी लागेल बहुतेक."

"उद्या आम्ही खड्डा बुजवणार आहोत."

"मग परवा पुन्हा खणतो."

इतके स्पष्ट आश्वासन त्या रस्त्यावर आजवर कोणी दिले नव्हते, आणि दिलेले पाळले तर मुळीच नव्हते. त्याने पाळले. तो खणत राहिला, ती बुजवत राहिली. प्रेम जसजसे वाढले तसतसा खड्डा दवाखान्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत गेला. कामाचा हा झपाटा पाहून दोघांनाही बढती मिळाली.

अडचण लग्नाची होती. तिचे वडील रस्ते विभागाचे प्रमुख होते.

"पाणीवाल्यांचा मुलगा?" ते ओरडले. "अगं, ओल्या डांबरात पहार घालणारी माणसं ती!"

"बाबा, पण त्यांचे पाइप टाकून व्हायच्या आत आपण डांबर ओततोच का?"

"ते आपलं तत्त्व आहे."

त्याची आई पाणी विभागाची प्रमुख होती. तिने डोक्याला हात लावला. "तुझ्या आजोबांनी त्यांचे चौक उखडले, आणि तू त्यांच्या घरची मुलगी आणणार? पार नाक कापलंस रे माझं!"

तेव्हा दोघांनी सत्याग्रह केला. तिने शेवटचा खड्डा नीट बुजवला. त्याने पहार कोपऱ्यात ठेवली. लग्नाला होकार मिळेपर्यंत खणणे नाही! रस्ता सपाट झाला आणि तसाच राहिला. दोन्ही विभागांत माणसे माश्या मारू लागली. अखेर दोन्ही प्रमुख व्हरांड्याच्या मध्यावर प्रथमच समोरासमोर आले.

"होऊन जाऊ दे लग्न," बाबा म्हणाले. "संसारात पडली की पोरं येतात ताळ्यावर. लागतील पुन्हा कामाला."

"माझंही तेच म्हणणं," आई म्हणाली. परस्परांच्या मताला आपण मान डोलावली, याचा दोघांनाही मागाहून फार त्रास झाला.

तारीख ठरली. आनंदाच्या भरात मुलाने जाहीर करून टाकले, "आता आम्हाला भेटायला घर असेल. यापुढे आधी पाइप, मग रस्ता. पुन्हा खणायची गरजच नाही."

दुसऱ्या दिवशी नागरिकांचा मोर्चा आला.

"मी अकराला कचेरीत पोचायचो, कोणी चकार शब्द काढत नव्हतं," पुढचे काका म्हणाले. "आता साहेब विचारतात, कुठे होता?"

"सासूबाई म्हणतात, रस्ता झालाय ना चांगला, मग दर रविवारी येत जाईन," एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"माझी पाठ खड्ड्यांनी दुखायची," मागून कोणी ओरडले. "आता डॉक्टर म्हणतात, आळसानं दुखते!"

मुलगी पुढे आली. "म्हणजे आम्ही लग्न करायचंच नाही का?"

"अगं बाळ, कर ना!" काका कळवळून म्हणाले. "आम्ही काय तुमच्या सुखाच्या आड येतोय? फक्त एकमेकांशी करू नका."

टाळ्या पडल्या. लोकभावनेपुढे दोन्ही विभाग नतमस्तक झाले, आणि लग्न पुढील आदेशापर्यंत स्थगित झाले. दोघांनी दुसऱ्या कोणाशीही लग्न केले नाही. भेटायचे तर खड्डा हवा, म्हणून तो पुन्हा खणू लागला आणि ती पुन्हा बुजवू लागली.

तो आदेश अद्याप निघालेला नाही. परवा सकाळीही तो खड्ड्यात होता आणि ती काठावर. तिचे केस आता पांढरे झाले आहेत, आणि त्याला खड्ड्यातून वर यायला तिचा हात लागतो. तो तिने दिला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. तुम्हाला ते दिसायला हवे होते. तुमच्या गॅलरीच्या अगदी खालीच होते ते. पण तुम्ही चहाचा कप कठड्यावर ठेवून फोनवर सांगत होता, "निघालो केव्हाच, साहेब! पण काय करणार, मध्येच अडकलोय. आमच्याकडे रस्ता खणलाय ना!"