बाजूच्या भिंतींना जेल लागू देऊ नये

"पार्लर? नखांसाठी पार्लर? हात माझे, नखं माझी, आणि तासभर परक्या बाईपुढे हात पसरून बसू? ते काही जमायचं नाही! मी घरीच करणार, आणि असं करणार की पार्लरवालीनं पत्ता विचारत यावं!"

शनिवारी दुपारी अंगठीताईनं ही घोषणा केली, तेव्हा ती ऐकायला घरात फक्त तिचे सासरे होते. नवरा कामासाठी परगावी गेलेला. सासरे निवृत्त सुतारमिस्त्री. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता "बरोबर आहे" म्हटलं. सुनेच्या घोषणांना ते नेहमीच बरोबर आहे म्हणत. घरात शांतता नांदायची ती अशी.

अंगठीताई हे तिचं दुकानातलं नाव. दागिन्यांच्या दुकानात अंगठ्यांचा काउंटर ती बारा वर्षं सांभाळत होती. समोरच्याच्या बोटाकडे नुसतं बघितलं तरी माप सांगायची, आणि ते चुकायचं नाही. पण या बारा वर्षांत तिनं अंगठ्या घातल्या त्या दुसऱ्यांच्या बोटांत. स्वतःच्या बोटात घातलीच तर गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती, की लगेच काढून मखमलीवर परत! आता दुकानाचं पहिलं छापील पुस्तक निघणार होतं. अंगठ्या हातात घालून फोटो काढायचे होते, आणि मालकीणबाईंनी हात निवडला होता तो अंगठीताईचा.

"हात छान भरलेला आहे तुमचा," त्या म्हणाल्या होत्या. "नखं तेवढी नीट करून या. रविवारी दहाला फोटोवाले येतायत. नाही जमलं, तर आपली नाजूकबाई आहेच."

नाजूकबाई शेजारच्या साखळ्यांच्या काउंटरवर असायची. बोटं म्हणाल तर टोक काढलेल्या पेन्सिली! "अगं बाई, माझी बोटं किती बारीक ना!" हे ती तक्रारीच्या सुरात दिवसातून पाचदा सांगायची, आणि अंगठीताईला ते पाचही वेळा टोचायचं.

तर नखांच्या जेल-पॉलिशचा संच घरी आला होता. त्यात एक दिवा, रंगाची डबी, वेगळा ब्रश, घासायची पट्टी, काढायच्या औषधाची बाटली, आणि एक माहितीपत्रक. माहितीपत्रक मराठीत होतं. म्हणजे अक्षरं मराठी होती! ते कुण्या यंत्रानं लिहिलं होतं की यंत्राच्या एखाद्या रागावलेल्या नातेवाइकानं, कोण जाणे.

"सर्वप्रथम खिळे घासून घ्या," अंगठीताईनं मोठ्यानं वाचलं.

वर्तमानपत्र खाली आलं. "कुठले खिळे? इंची की दीड इंची?"

"बाबा, नखांना खिळे म्हटलंय त्यांनी."

"मग नखं म्हणायचं की! खिळा घासून कोण वापरतं? मूर्ख आहेत." पण मिस्त्रींचे डोळे चमकले. खुर्ची पुढे सरकली. "वाच, पुढे वाच."

"खिळ्यावर पातळ थर द्या. प्रत्येक थर दिव्याखाली साठ सेकंद बरा करा."

"बरा करा? आजारी कोण पडलंय?"

"वाळवायचा असेल, बाबा."

"आणि हे काय लाल अक्षरात?"

अंगठीताईनं पत्रक उजेडाकडे धरलं. "महत्त्वाचे! बाजूच्या भिंतींना जेल लागू देऊ नये."

दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. टेबल भिंतीला अगदी चिकटून होतं, आणि भिंतीला चारच महिन्यांपूर्वी नवा रंग दिलेला!

"बघ," मिस्त्री म्हणाले, "हे मात्र शहाण्या माणसानं लिहिलंय."

मग दोघांनी मिळून टेबल खोलीच्या मधोमध ओढलं. मिस्त्रींनी उरलेलं वर्तमानपत्र भिंतींना चिकटवलं, तेही कोपऱ्यांपासून मोजून, सरळ रेषेत. एवढी जय्यत तयारी झाल्यावर कामाला सुरुवात झाली.

डावा हात अंगठीताईनं स्वतःच रंगवला. काय सुरेख जमला! गर्द लाल, काचेसारखा चकचकीत! ती हात लांब धरून बघत राहिली. पण मग ब्रश डाव्या हातात घ्यायची वेळ आली, आणि तो हात नव्या नवऱ्यासारखा थरथरू लागला. पहिलाच फराटा नख सोडून मनगटाकडे निघाला.

"थांब, थांब! पाहवत नाही मला," मिस्त्री उठले. "चाळीस वर्षं दारं-कपाटं पॉलिश केली मी. एवढंसं नख काय घेऊन बसलीस? आण इकडे ब्रश."

"बाबा, ते लाकूड असतं."

"लाकूड जास्त अवघड असतं!"

त्यांचा हात खरोखरच दगडासारखा स्थिर होता. पण पद्धत म्हणाल तर सुताराची! पहिल्यांदा त्यांनी सुनेचं मनगट टॉवेलात गुंडाळून लाकूड धरायच्या शिकंज्यानं टेबलाला आवळलं. "माल हलला की काम गेलं." मग चष्मा कपाळावरून नाकावर आला, आणि नाक नखापाशी.

"अगं, इथे तर कडेला फट आहे!"

"कुठे?"

"नखाच्या आणि कातडीच्या मधे. दोन्ही बाजूंना! प्रत्येक बोटाला! असं कसं उघडं ठेवतात?"

"बाबा, ती देवानं ठेवलेली फट आहे."

"असेल. पण मी बुजवतो."

आणि मिस्त्रींनी फटी बुजवल्या. सढळ हातानं बुजवल्या! लाकडाच्या भेगांत लांबी भरावी तशा! वर एक थर, त्यावर दुसरा, आणि "शेवटचा हात जाडच मारायचा" म्हणून तिसरा. दिवा हातावर सरकला. दिवा निळा झाला.

"बाबा, चटका बसतोय!"

"बसू दे. पकड घेतंय."

"अहो बाबा, भाजतंय!"

"म्हणजे चांगली पकड घेतंय!"

साठ सेकंदांनी शिकंजा सुटला, हात बाहेर आला, आणि अंगठीताईनं बोटं पसरली. अंगठा हलला. तर्जनी हलली. करंगळी हलली. मधलं बोट आणि अनामिका मात्र जुळ्या बहिणींसारखी गळ्यात गळा घालून तशीच राहिली!

"बाबा!"

"भिंतीला एक थेंब नाही लागलेला," मिस्त्री समाधानानं चौफेर बघत म्हणाले.

"बाबा, बोटं चिकटलीत! ते काढायचं औषध द्या लवकर!"

मिस्त्रींनी ब्रशकडे पाहिलं. चाळीस वर्षांत काम संपल्यावर ब्रश धुतल्याशिवाय ते कधी उठले नव्हते. आजही नव्हते. ब्रश टेबलावर नवाकोरा होऊन पडला होता, आणि शेजारी औषधाची बाटली रिकामी!

रात्रीपर्यंत कोमट पाणी, साबण आणि खोबरेल तेल यांनी आपापली शर्थ केली. बोटं हसत-खेळत एकत्र राहिली. औषध आणावं तर ते मिळणारी रंगाची दुकानं बंद झालेली, उद्या रविवार, म्हणजे सोमवारशिवाय उघडणार नव्हती.

"एक दुकान रविवारी अर्धा दिवस उघडतं," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले. "दार मी त्याला करून दिलंय. सकाळी मी त्याच्या दारात उभा असेन, आणि तिथून थेट तुझ्या दुकानात. तू घाबरू नकोस."

"मी? मी कशाला घाबरू!" अंगठीताई म्हणाली. "डावा हात आहे की! फोटोवाल्याला काय, एक हात पुरतो!"

सकाळी दहाला उजवा हात ओढणीत लपवून ती ताठ मानेनं दुकानात शिरली. फोटोवाल्यानं दिवे मांडून ठेवले होते. मखमलीवर नव्या घडणीच्या अंगठ्या होत्या, जाडजूड, बायकांनी आणि पुरुषांनीही घालाव्यात अशा.

"डावा हात घ्या," अंगठीताईनं हुकूम सोडला.

"दोन्ही लागतील," फोटोवाला म्हणाला. "हातावर हात ठेवलेला फोटो आहे."

"उजवा आज जरा... विश्रांती घेतोय."

"बघू," मालकीणबाई म्हणाल्या, आणि ओढणी सरकली.

मग नाजूकबाई पुढे वाकली. "अगं बाई! कातडीवर कशाला लावलंस? स्पष्ट लिहिलेलं असतं, बाजूच्या भिंतींना लावू नये म्हणून!"

"नाही लावलं! कागद चिकटवले होते आम्ही भिंतींना!"

"अगं, भिंत म्हणजे नखाच्या कडेची कातडी!"

फोटोवाल्याला ठसका लागला. अंगठीताईचा चेहरा नखांच्या रंगाचा झाला. मालकीणबाईंनी उसासा टाकून नाजूकबाईला खूण केली, आणि नाजूकबाई जणू बारा वर्षं याच क्षणासाठी उभी असल्यासारखी खुर्चीत बसली. अंगठी तिच्या बोटात गेली... आणि गर्रकन फिरून खडा तळहाताकडे! दुसरी घातली, तीही फिरली. तिसरी तर सरळ जमिनीवर!

"साडेसहा मापाच्या बोटात बाराची अंगठी," अंगठीताईच्या तोंडून निघून गेलं.

मालकीणबाईंनी स्वतःचं बोट पुढे केलं. अंगठी पेरापाशी अडली, आणि काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दार ढकलून मिस्त्री आत आले. धापा टाकत, हातात बाटली आणि कापूस. कुणाकडे न बघता त्यांनी सुनेला स्टुलावर बसवलं, तिचा हात आपल्या पंजावर घेतला आणि कापसानं हलकेच, अगदी हलकेच, बोटांमधली ती लाल गाठ सोडवू लागले. "दुखतंय का गं? सांग हां. चुकलं माझं. विचारायला हवं होतं मी."

"नाही दुखत, बाबा," ती म्हणाली, आणि खरंच दुखत नव्हतं.

"थांबा!" फोटोवाला ओरडला. "आजोबा, तो हात हलवू नका!"

"मी कुठे हलवतोय?"

खरंच, पंजा तसूभर हलत नव्हता. रुंद, शिरा उठलेला, जुन्या सागासारखा तांबूस. फोटोवाल्यानं मखमलीवरची अंगठी उचलून त्यांच्या बोटात घातली. अंगठीताईनं मापही सांगितलं नव्हतं, तरी अचूक बसली!

"या हातावर अंगठी दिसतेय हो!" तो मालकीणबाईंना म्हणाला. "बाकीच्या हातांवर नखंच दिसतात!"

पुस्तक छापून आलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मिस्त्रींचा हात! पान नऊवर खाली कोपऱ्यात एक लाल नख दिसतं, ते अंगठीताईचं. ती गिऱ्हाइकांना पुस्तक दाखवते ते पान नऊवरच उघडून.

आता दर हंगामाला नवं पुस्तक निघायचंय, आणि मिस्त्रींना मालकीणबाईंची सक्त ताकीद आहे, हात जपा! तेव्हापासून ते घरात इकडची वाटी तिकडे करत नाहीत. दोन्ही हात टॉवेलावर ठेवून खुर्चीत बसतात आणि हाक मारतात, "सूनबाई, चहा जरा फुंकून दे गं. कप गरम असतो."