एक नंबर ड्युटीवर

आमचे शेजारी गायधनीकाका धबधब्याला निघाले की एकवेळ छत्री विसरतील, डबा विसरतील. बगलेतली खिळे मारलेली फळी कधी विसरायचे नाहीत.

काकांची उभी हयात एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेली. तिथे यंत्रात उतरणाऱ्याने बाहेर आपला पितळी बिल्ला अडकवायचा. तो लटकतोय तोवर बटणाला कुणी हात लावायचा नाही. रिटायर झाल्यावर ही शिस्त काकांनी इगतपुरीकडच्या जंगलाला लावली. श्रावणात दर रविवारी आम्ही कॉलनीतले दहा जण जीप करून जायचो. उतरताना आपला बिल्ला जीपमधल्या फळीवर अडकवायचा, परतल्यावर काढायचा. “बिल्ला खिळ्यावर, तर माणूस जंगलात!” हे त्यांचं ब्रीद. कुणी नुसतं आडोशाला निघालं तरी मागून हाक यायची, “बिल्ला?” धबधब्याखाली कुणी डोळे मिटून जरा रेंगाळलं की शिट्टी. “लय झालं! उरलेली अंघोळ घरी!”

माझा नंबर सात. एकचा खिळा मात्र कायम रिकामा. “काका, तुमचा बिल्ला?” विचारलं तर म्हणायचे, “तो ड्युटीवर हाय.” आणि मजा कितीही रंगात येवो, दिवेलागणीच्या आत घरी म्हणजे घरी. काकूंना घाबरतात, असं आम्ही खुशाल म्हणायचो.

एका रविवारी धबधब्यापाशी माझा मेव्हणा भेटला, मोटारसायकल घेऊन आलेला. “चला दाजी, ताईला गरम भजी करायला लावू.” भजी म्हटल्यावर आमची अक्कल गहाण! दुसऱ्याच पायवाटेने उतरलो, कुणाला सांगितलं नाही, थेट घर गाठलं.

भजीची दुसरी प्लेट हातात आली तेव्हा दिवे लागले होते आणि जीपचा पत्ता नव्हता. एकदम कपाळावर हात मारला. सात नंबर फळीवरच! म्हणजे काका जीप हलू देणार नाहीत, मला शोधत भर पावसात रान तुडवत असतील. मोबाईल नुकते आले होते, पण तिकडे रेंज कुठली!

धावत काकूंकडे गेलो. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली होती. तेव्हापासून त्या घराबाहेर पडत नव्हत्या. दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझा गाढवपणा सांगितला, तर त्यांनी डावी मूठ किंचित उघडून दाखवली. आत पितळी बिल्ला, नंबर एक.

“जाताना मला देतात,” त्या सावकाश बोलल्या. “आले की घेतात. मग मी उठते.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच पायरीवर बसून राहिलो.

तासाभराने जीप आली. “तुमचा तो जाडा भाऊ तर मघाच फटफटीवर गेला,” असं एका गुराख्याने सांगितलं, तेव्हा कुठे काका निघाले होते. गुडघ्यापर्यंत चिखल. मला पाहिलं. सात नंबर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “आलास ना? बास.”

मग काकूंसमोर तळहात पसरून उभे राहिले. “एक नंबर, हजर.”

काकूंनी मूठ उघडलीच नाही. “उशीर,” म्हणाल्या.

आम्हा सगळ्यांना शिट्टीवर नाचवणाऱ्या त्या माणसाने निमूटपणे दोन्ही कान धरले. तेव्हा काकू हसल्या आणि बिल्ला दिला. त्यांच्या तळहातावर बिल्ल्याची गोल कड लालभडक उमटली होती.