डिपेंडंट: एक

आईपासून गोष्ट कशी लपवावी, हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं, असं मी परवापरवापर्यंत सगळ्यांना सांगत असे. माझा रूम पार्टनर डेसमंड तर मला गुरूच मानायचा. आता तो मला 'बाबा' म्हणतो. का, ते सांगतो.

झालं असं, की ऑक्टोबरात माझ्या छातीत धडधडायला लागलं. साधंसुधं नाही, कोंबडीच्या खुराड्यात मांजर शिरल्यासारखं! केमिस्ट्रीच्या तासाला तर असं झालं, की शेजारच्या मुलीने विचारलं, "तुझा फोन वाजतोय का?" एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात माझे बाबा गोठ्यात गाईंचं दूध काढता काढता खाली कोसळले होते, आणि त्याआधी महिनाभर तेही "जरा धडधडतं" एवढंच म्हणत होते. बाबा वाचले. आई मात्र तेव्हापासून घरात कुणी खोकलं तरी हातातलं काम टाकून धावत येते. त्यामुळे मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, तपासून घ्यायचं. दोन, निकाल हातात येईपर्यंत आईला याचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही.

अडचण एकच होती. माझी फी आई भरते, आणि विद्यापीठातलं माझं खातं ती रोज सकाळी कॉफीबरोबर उघडून बघते. दुसरे लोक पेपर वाचतात, माझी आई माझं खातं वाचते. मी वसतिगृहात जास्तीचे कपडे धुतले तरी तिला शंभर मैलांवर कळतं. म्हणून मी उन्हाळ्यात मक्याच्या शेतावर राबून मिळवलेले डॉलर मोज्यातून काढले आणि रोख पैसे द्यायच्या तयारीने विद्यार्थी आरोग्य केंद्रात गेलो.

काउंटरवर आर्डिसबाई होत्या. अंगात भोपळ्यांचं चित्र असलेलं स्वेटर, चेहरा मायाळू. मी नोटा पुढे केल्या तशा त्या दचकल्या.

"रोख आम्ही घेत नाही रे राजा. खात्यावर टाकू?"

"नको, नको. खात्यावर नको. आई बघते."

"मग असं कर. विद्यापीठाची आरोग्य योजना घे. नाव घालायची मुदत चालूच आहे. भेट फुकट, तपासण्या फुकट, आणि खात्यावर नुसतं 'योजना' एवढंच दिसेल. कशासाठी आलास, ते कुणाला कळणार नाही."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. योजनेची फी काही थोडी नव्हती, पण पुढच्या उन्हाळ्यात आणखी मका, असं म्हणून मी विद्यापीठाचं ओळखपत्राचं कार्ड दिलं. बाई टाइप करायला लागल्या. टाइप करता करता मान वर न करता त्यांनी विचारलं, "डिपेंडंट?"

डिपेंडंट म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा; हा शब्द मला लागला. एकोणीस वर्षांचा घोडा झालो, तरी फी आई भरते, हे काय मला माहीत नव्हतं? मी खाली मान घालून म्हणालो, "हो. एक."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा," मी म्हणालो. समोर दिसत होतो, तरी.

"नाव?"

"नेल्स."

"तुझंच?"

"माझंच. आजोबांचं ठेवलंय. आमच्या घराण्यात पद्धतच आहे तशी."

"छान. आणि वाढदिवस?"

"गेल्याच महिन्यात झाला. चार सप्टेंबरला."

कार्डावर हे सगळं छापलेलं होतं. पण आमच्या मिनेसोटात समोरच्याला, त्यातून वडीलधाऱ्या बाईला, "अहो, ते तिथे लिहिलंय की" असं म्हणण्याची रीत नाही. आम्ही विचारलेलं सांगतो आणि आभार मानतो. आर्डिसबाईंचा चेहरा मात्र लोण्यासारखा विरघळला होता.

"अगं बाई, नुकताच की! झोप तरी मिळते का रे?"

"कुठली झोप? रात्रीतून चारदा उठवतं."

हे मी माझ्या हृदयाबद्दल म्हणालो होतो. त्यांना धडधडीचं कसं कळलं, असाही प्रश्न मला पडला, पण अनुभवी बाई आहेत, चेहऱ्यावरून ओळखत असतील, असं मला वाटलं.

"होतं असं सुरुवातीला. आणि आई? आईची मदत होते ना?"

"आईला यातलं काहीच माहीत नाही."

त्यांची बोटं थांबली. "आईला... माहीत नाही?"

"नाही. आणि कळूही द्यायचं नाही. म्हणून तर खात्यावर नको म्हणालो."

मग म्हणाल्या, "हं. वेगळंच आहे." आमच्याकडे 'वेगळंच आहे' ही शिवी समजतात. पण एवढं बोलून त्यांनी शिक्का मारला, "अभिनंदन बरं का" असंही म्हणाल्या, आणि कशाबद्दल ते न विचारता मी "थँक्यू" म्हणालो.

आत डॉक्टर ओकाफोरबाईंनी छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं आणि शुक्रवारी निकालाला बोलावलं. शीळ घालत मी खोलीवर आलो. डेसमंडला म्हणालो, "बघ, याला म्हणतात नियोजन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. मोठ्या गोष्टीचं नाव आम्ही घेत नाही. बाबा कोसळले तेव्हासुद्धा आईने मला फोनवर सांगितलं होतं, की "बाबांना जरा बरं नव्हतं." तोवर बाबांचं ऑपरेशन होऊन गेलेलं होतं. त्यामुळे आता ती म्हणाली, "नेल्स, तुझं खातं बघितलं मी," आणि गप्प बसली, तेव्हा मी समजायचं ते समजलो.

"आई, मी सांगणारच होतो. शुक्रवारी रक्ताचा निकाल येऊ दे म्हटलं, म्हणजे नक्की कळेल."

"नक्की म्हणजे? तुझं आहे की नाही, याचीच शंका आहे का?"

"माझंच आहे गं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

"बरं. निदान नाकारत तरी नाहीस." आईने नाक ओढलं. "कसं आहे?"

"तसं चांगलं आहे. पण रात्री झोपू देत नाही."

"नाहीच देणार. एवढे दिवस एकट्याने निभावलंस? आम्हाला एका शब्दानेही बोलला नाहीस?"

"तुला त्रास नको म्हणून. बाबांचं सगळं एवढ्यात झालंय..." मी म्हणालो. "आई, बहुतेक बाबांवर गेलंय गं."

मग मागून बाबांचा आवाज आला, "काय म्हणतो?"

"तुझ्यावर गेलंय म्हणतो," आई हुंदका देत म्हणाली.

बाबांनी जरा विचार केला. "बिचारं," ते म्हणाले.

"आम्ही शुक्रवारी येतो," आई म्हणाली आणि फोन ठेवला. मी पलंगावर बसलो. लपवायला गेलो तेच झालं होतं. आई पुन्हा रात्र-रात्र जागणार, पुन्हा दवाखान्यातल्या खुर्चीत हातातली पिशवी घट्ट धरून बसणार, आणि या वेळी ते माझ्यामुळे. खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला स्वतःच्या मरणापेक्षा त्या पिशवीची भीती जास्त वाटली.

शुक्रवारी मी केंद्रात जाऊन बसलो तर दारातून आई आत आली. हातात फॉइल लावलेला हॉटडिशचा मोठा ट्रे. बटाटे, खिमा आणि चीजचा हा प्रकार आमच्याकडे बारशाला आणि मयताला सारखाच चालतो, त्यामुळे ट्रेवरून काही अंदाज येईना. तिच्या मागून बाबा आले. त्यांच्या हातात लहान मुलांना मोटारीत बसवायची खुर्ची होती.

ती खुर्ची बघून मला वाटलं, बाबा वाटेत कुणाला काहीतरी पोहोचवणार असतील. विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

"कुठाय?" आईने आल्या आल्या विचारलं.

मी छातीवर हात ठेवला. "इथेच. आत्ता जरा शांत आहे."

आईने पुढे होऊन अगदी हळूच माझ्या जाकिटाची चेन उघडली. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "नेल्स," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तू ठीक आहेस ना?"

"तेच तर कळायचंय."

एवढ्यात आर्डिसबाई काउंटरमागून बाहेर आल्या. "तुम्ही आजी वाटतं?"

आईने पदर नाही, पण स्कार्फ सावरला. "हो," ती म्हणाली, आणि तो शब्द तिने असा उच्चारला, की मला उगीचच रडू आलं. "आजी."

"आणि बाळाच्या आईला सांगितलंत का अजून?"

आईचे डोळे एवढाले झाले. "बाळाच्या आईला माहीत नाही?"

"हा म्हणतो, तिला कळूच द्यायचं नाही."

आई माझ्याकडे वळली. "बाईला मूल झालंय हे बाईलाच माहीत नाही? असं कसं असेल, नेल्स?"

मी तोंड उघडलं. पण नक्की कुठल्या बाईबद्दल बोलणं चाललंय तेच मला उमगेना. बाबा म्हणाले, "वेगळंच आहे," आणि मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

तेवढ्यात डॉक्टर ओकाफोर दोन फायली घेऊन दारात आल्या. एक जाड, एक कोरी करकरीत. त्यांनी दोन्ही वाचल्या, चष्मा सारखा केला.

"नेल्स हौगेन," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांचे की पाच आठवड्यांचे?"



मग सगळं उलगडलं. आईने खात्यावर वाचलेल्या 'योजना. डिपेंडंट: एक' या ओळीतला डिपेंडंट कोण, वाढदिवस कुणाचा, रात्री उठवतं ते काय, बाबांवर काय गेलंय. आर्डिसबाईंनी तोंडावर हात ठेवला. बाबांनी खुर्ची हळूच पाठीमागे लपवली. आई मात्र हसली नाही. बाळ गेलं आणि हृदय आलं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि तिने ट्रे अगदी त्या पिशवीसारखा घट्ट धरला.

"म्हणजे याचं हृदय..." ती म्हणाली.

"उत्तम आहे," डॉक्टर घाईघाईने म्हणाल्या. "घोड्यासारखं! रक्त, ठोके, सगळं व्यवस्थित. मला एकच सांग नेल्स, तू ते डब्यातलं एनर्जी ड्रिंक दिवसाला किती पितोस?"

"एखादा," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत होती.

"पाच-सहा," मी म्हणालो.

"बंद कर. आठवड्यात धडधड थांबेल. थांबली नाही तर ये, पण थांबेल."

आईने ट्रे आर्डिसबाईंच्या हातात दिला, माझं जाकीट पुन्हा उघडलं आणि तिथे सगळ्यांदेखत माझ्या छातीला कान लावून उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. आठवड्याभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. मग तिने कान काढला आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"याहून वाईट झालं असतं," बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठा आनंद मी कधी ऐकलेला नाही.

आर्डिसबाईंनी योजना रद्द करून दिली. "बाबांच्या विम्यात तू आहेसच की रे राजा, गरजच नव्हती," असं त्या आता म्हणाल्या. आम्ही त्यांना बसवून घेतलं. त्या दोनदा नको म्हणाल्या, तिसऱ्यांदा बसल्या. डेसमंडही आला. बाहेर पिकअपच्या मागच्या फळीवर सगळ्यांनी हॉटडिश खाल्ला. पिकअपमध्ये माझा जुना पाळणा होता, नव्याने रंगवलेला, वर निळा रंग अजून ओला. शिवाय चर्चच्या बायकांनी एका दिवसात विणलेल्या इवल्या इवल्या टोप्यांची पिशवी. आईने त्यातली एक काढून बोटांवर घातली, थोडा वेळ बघितली, परत ठेवली.

"दोनच दिवस होता," ती म्हणाली. "पण मला सवय झाली होती."

मी आणखी हॉटडिश घेतला.

एनर्जी ड्रिंक मी सोडलं आणि धडधड खरंच थांबली. सगळं सुरळीत झालं, असं मी धरून चाललो होतो. पण गेल्या आठवड्यात सकाळीच आईचा फोन आला. योजना रद्द झाली तरी आर्डिसबाईंनी नाव घालतानाच प्रेमाने घेऊन ठेवलेली बाळाच्या लसीकरणाची वेळ कुणी रद्द केली नव्हती. खात्यावर नवीन ओळ आली होती: 'नेल्स हौगेन, धाकटे. ठरल्या वेळी हजर न राहिल्याबद्दल दंड.'

"आई, मी आत्ता जातो, त्यांना सांगतो," मी म्हणालो.

"नको, मी भरला," आई म्हणाली. ती मजेत होती. कॉफीचा घोट घेतल्याचा आवाज आला. "काही काम सांगितलं की गायब, आणि निस्तरायला मी. अगदी बापावर गेलाय हो."