खऱ्यासारखं पाणी

लातुरातल्या शिवानीच्या गल्लीत नळाला दर दहाव्या दिवशी पाऊण तास पाणी येई. मधल्या दिवसांत दोनदा टँकर येई. उरलेल्या वेळात शिवानी घरी बसून संगणकावर पाणी तयार करी. तिन्ही कामे नियमित चालू असल्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

तिला काम दिले होते गल्लीच्या टोकाच्या कोचिंग क्लासचे मालक गुरुबसप्पा सरांनी. नव्या वसतिगृहाच्या जाहिरातीत त्यांना पोहण्याचा तलाव हवा होता. बांधायचा विचार नव्हता; दिसला म्हणजे झाले.

"मॅडम, उदगीर-देगलूरहून पालक यायलेत. पोराला डॉक्टर करायचंय, पण आधी पाण्याचं विचारतात. असं पाणी करा की बघूनच तहान भागावी."

पाणी करणे सोपे नसते. नुसता निळा रंग दिला की प्लास्टिक दिसते. उजेड वरूनच किती परतावा, आत किती शिरावा, तळाशी उन्हाची जाळी कशी हलावी, सगळे ठरवावे लागते. म्हणून शिवानी परातभर पाणी खिडकीतल्या उन्हात ठेवून, बोट बुडवून न्याहाळत बसली.

"प्यायला न्हाई अन् बघायला परातभर," सासूबाई महानंदा म्हणाल्या. "भूकंपाच्या शेडात होतो तवाबी टँकर रोज यायचा. पाण्याकडं असं टक लावून कुणी बसलं न्हाई."

"आत्याबाई, नंतर फरशीला घेते ना."

"फरशीला? आण इकडं. रुद्राणीचे लंगोट निघतील त्यात."

दीड वर्षाच्या रुद्राणीला चार दिवस जुलाब होत होते. उकळलेले पाणी भरपूर पाजा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. 'भरपूर' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला होता. तेव्हापासून शिवानी दिवसातून तीनदा टाकीत काठी बुडवून पाहत होती.

जाहिरात गाजली. आठवड्याभरात टँकर बंद झाला.

ती महापालिकेच्या टँकर कक्षात विचारायला गेली, तेव्हा बसवराज साहेबांनी मोबाइलवरची जाहिरात पुढे केली. "तुमच्या गल्लीत तलाव आहे, बाई."

"साहेब, ते पाणी मी केलंय. संगणकावर."

"ह्याच्यात ढग दिसायलेत. खोट्या पाण्यात कधी ढग दिसतात का?"

धंद्यातली एवढी मोठी शाबासकी तिला आजवर मिळाली नव्हती. क्षणभर ती सुखावली, आणि मग तिला स्वतःची लाज वाटली.

नियमानुसार टंचाईच्या अर्जाला कोरड्या टाकीचा फोटो जोडायचा होता. तिने जोडला. तिसऱ्या दिवशी तो शेऱ्यासह परत आला: 'टाकी कोरडी असल्याचे समाधानकारकरीत्या दिसून येत नाही. सावली कृत्रिम वाटते.'

"भूकंपाच्या भरपाईत आमचं पडलेलं घरबी असंच परत आलं होतं," महानंदा म्हणाल्या. "शेजारच्याचं उभं घर मंजूर झालं. त्याचा फोटो चांगला होता."

मग शिवानीने संगणकावर कोरडी टाकी केली. तळाला भेगा, भेगांत तिरपे ऊन, कडेला वाळल्या शेवाळाची साल आणि कोपऱ्यात एक मेलेली पाल. अर्ज त्याच दुपारी मंजूर झाला. शेरा होता: 'वस्तुस्थिती सुस्पष्ट.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर कार्यालयाकडून व्हिडिओ आला. टँकर गल्लीत उभा, पाइपातून धो धो पाणी, भरत चाललेल्या घागरी. शिवानी धावत खिडकीशी गेली. गल्लीत एक कुत्रे झोपले होते.

तिने व्हिडिओ पुन्हा पाहिला. घागरींच्या तळाशी उन्हाची जाळी हलत होती. ती तिने ओळखली. ती तिच्याच तलावातून उचललेली होती.

व्हिडिओखाली अंगठ्यांची रांग लागली होती. पहिला समोरच्या माणिकप्पांचा.

"काका, टँकर आला का?" तिने खिडकीतून विचारले.

"न्हाई."

"मग अंगठा कशाला दिला?"

"न्हाई दिला तर पुढचा येईल का?"

"पुढचा टँकर?"

"व्हिडिओ गं."

तेवढ्यात रुद्राणीने तिच्या हातातला मोबाइल ओढला, "पानी" म्हणाली आणि काचेला जीभ लावली. शिवानीने मोबाइल काढून घेतला, काच पदराने पुसली आणि लिहिले: 'टँकर आलेला नाही.'

उत्तर लगेच आले: 'ब्याऐंशी जणांनी पोहोच दिली आहे.'

गल्लीत तिच्याशिवाय घरे एकतीस. शिवानीने नावे एकेक करून वाचली. गल्लीतली संपली तरी यादी चालूच होती. व्हिडिओ बाहेर गेला होता, नांदेडपर्यंत, पुण्यापर्यंत. शेवटच्या एक्कावन्न जणांत तुमचेही नाव होते. पाणी आवडले ना तुम्हाला?