नाझरनानांची बिनआवाजाची गाडी

नाझरनानांच्या नव्या गाडीत बसणाऱ्याला बोलायची परवानगी नाही. काचा बंद, एसी बंद, पंखा बंद. वसमतच्या ऑक्टोबरातल्या उन्हात आत जीव उकडून निघतो, पण नानांना त्याचं काही नाही. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताचं बोट वर आणि मान डावीकडे कललेली. आपण खिशातून रुमाल काढायला गेलो की ते म्हणतात, "हालू नका सर. रुमालाचा आवाज येऊन राहिला."

मग गाडी एकदम हळू होते.

"ऐकलं?"

"नाही नाना."

"कसं न्हाई? आत्ता तर आला. जरा पुराव्यानिशी बोला की."

आता न आलेल्या आवाजाचा पुरावा मी कुठून आणू? पण नानांशी वाद घालून उपयोग नसतो. त्यांची सगळी नोकरी कोर्टात नाझर म्हणून गेली. समन्स कुणी बजावलं, जप्तीचा माल कुठे ठेवला, खोलीला कुलूप लागलं की नाही, हे बघता बघता काळजी करणं हाच त्यांचा स्वभाव होऊन बसला. खरं नाव नारायणराव, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलंय. घराबाहेर पडताना ते कुलूप इतकं ओढून बघतात की दाराची कडीच ढिली झाली आहे, आणि आता त्यांना त्या कडीची काळजी लागलीय. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांची प्रत्येक काळजी माझ्यापर्यंत ताजी ताजी पोचते. मी इथल्या कॉलेजात भूगोल शिकवतो. गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण नानांच्या मते मी 'सायन्सच्या बाजूचा' माणूस आहे.

आधी त्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी होती. ती सुरू झाली की आमच्या फळीवरचे पेले हलायचे. त्या गाडीची नानांनी कधी काळजी केली नाही, कारण काही बिघडलं असतं तरी ते ऐकू येण्याची सोय नव्हती. अशा माणसानं दसऱ्याला एकदम इलेक्ट्रिक गाडी दारात आणून उभी केली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. मी विचारलं, "काहून नाना, हीच काहून?" तर म्हणाले, "हिचा आवाज न्हाई म्हणतात." एवढंच. मला वाटलं, वय झालं, शांतता हवी असेल.

काकूंबद्दल, म्हणजे नानांच्या बायकोबद्दल, इथेच सांगितलं पाहिजे. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. अगदी गेला असं नाही, नुसत्या श्वासाइतका उरला. आम्ही ओठांकडे बघून अंदाज बांधतो आणि हमखास चुकतो. नानांना मात्र सगळं कळतं. भाजीवाल्याशी घासाघीस करायची झाली तरी काकू बोलतात नि नाना ती तशीच्या तशी, रागासकट, मोठ्यानं सांगतात. मला बोलवायचं असलं की काकू भिंतीवर उलथनं वाजवतात.

काकूंचे थोरले भाऊ सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या गावी असतात. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेत. गेल्या भाऊबिजेला काकू दवाखान्यात होत्या, ओवाळणं राहून गेलं. यंदा जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. नानांचीही ना नव्हती. अट एकच होती.

"गाडीतला आवाज निघाल्याबिगर मी हिला गाडीत बसवनार न्हाई."

"मग भाड्याची गाडी करा," मी म्हणालो.

"न्हाई. ह्याच गाडीत न्यायचंय."

आणि भाऊबीज तर जवळ येत चालली होती.

पहिला आवाज सापडला तो गल्लीतच. गाडी हळू चालली की पुढून भुंग्यासारखा गुंगुं आवाज यायचा. नानांनी नांदेडला, जिथून गाडी घेतली तिथे फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, काका, तो आवाज मुद्दाम दिलाय, गाडी येतेय हे रस्त्यावरच्या माणसाला कळावं म्हणून. नानांनी फोन ठेवला. "मुद्दाम?" ते मला म्हणाले. "मी आवाज नगं म्हणून गाडी घेतली आन् ह्यांनी पदरचा आवाज घालून दिला?"

दुसरा आवाज चार्जिंगच्या वेळचा. गाडी दारात उभी, कुणी आत नाही, आणि आतून पंखा फिरल्यासारखी घरघर. नानांनी देवपूजा अर्धी टाकली, स्टीलचा पेला बॉनेटला लावला नि त्याला कान लावून ओट्याजवळ ओणवे राहिले. दूध घालायला आलेला माणूस दूध न घालताच उभा राहिला. नंतर नानांनी तो आवाज मोबाइलवर घेऊन पुण्याला मुलाला पाठवला. मुलाचा उलट फोन आला, "बाबा, यात फक्त तुमचा श्वास ऐकू येतोय, आणि तो जरा डॉक्टरला दाखवा."

मी तेव्हा हसलो. पण काळजीचीही लागण होते. आठवड्याभरात मी आमच्या फ्रिजसमोर मान कलती करून उभा राहायला लागलो. स्कूटरवरून कॉलेजात जाताना मागच्या चाकातून काहीतरी येतंय असं वाटायचं. बायको म्हणाली, "तुम्ही नानांच्या गाडीत बसणं बंद करा, नाहीतर मी माहेरी जाते." नानांचा चेहरा तर उतरतच चालला होता. दिवाळीच्या तोंडावर त्यांचं जेवण कमी झालं. काकू ओट्यावर बसून फराळाचं निवडायच्या आणि गाडीकडे बघायच्या. त्यांनी तिला अजून हातही लावलेला नाही असं मला वाटत होतं.

तिसरा आवाज खरा होता. खुळखुळ. तो मलाही ऐकू आला. गाडी वळली की काचेच्या खालून, डाव्या अंगाला काहीतरी घरंगळत जायचं. उलटं वळलं की उजव्या अंगाला. नानांना त्या दिवशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. "आता सांगा सर, भास होता का?" असं म्हणाले नि लगेच रडकुंडीला आले, कारण भास नव्हता.

धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन नांदेडला गेलो. तिथल्या मेकॅनिकनं, मिशा पिकलेला शांत माणूस होता, ऐकून घेतलं, वायपरच्या खालचं झाकण उघडलं आणि आत हात घातला. मग मूठ आमच्यापुढे उघडली. एक हळकुंड, एक सुपारी, कुंकवानं लाल झालेले तांदूळ.

"चाचा, ये कंपनी का पार्ट नहीं है," तो म्हणाला.

मला दसऱ्याची पूजा आठवली. आमच्या वसमतला हळदीचा बाजार. इथे नव्या गाडीला नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि इंजिनापाशी हळकुंड-सुपारी ठेवतात. पण ह्या गाडीचं बॉनेट उघडलं तर इंजिनच नव्हतं. गुरुजी बुचकळ्यात पडले होते. शेवटी त्यांनी एका काळ्या पेटीला कुंकू लावून वेळ भागवली. हळकुंड त्यांनी ठेवलं नव्हतं, हे मला नक्की आठवत होतं.

मी हसायला तोंड उघडलं आणि नानांकडे बघून मिटलं. ते हळकुंडाकडे टक लावून बघत होते.

"तिनं घातलं," ते हळूच म्हणाले. "गुरुजी गेल्यावर आली आसंल. गाडीला काय व्हऊ नये म्हणून."

"मग चांगलंच झालं की. आवाज सापडला."

"सर, हिला सांगू नका. तिच्या हातानं झालं हे कळलं तर ती मनाला लावून घेती. आधीच म्हनती, माझ्यापायी तुमाला तकलीफ."

त्यांनी हळकुंड आणि सुपारी सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग मेकॅनिकपाशी गेले आणि अतिशय अदबीनं त्याच्या ताटलीतला एक गंजका नट मागितला. घरी काय सापडलं ते दाखवायला काही तरी पाहिजे ना. जन्मभर कोर्टात काढलेला माणूस खोटा पुरावा तयार करताना मी पहिल्यांदा बघितला, आणि साक्षीदार म्हणून गप्पही बसलो.

काकूंनी तो नट उलटासुलटा करून बघितला. काहीतरी म्हणाल्या.

"म्हनती, एवढ्याशा नटाचा केवढा तरास," नानांनी मला सांगितलं. काकू आत गेल्या आणि दुसरं हळकुंड घेऊन आल्या. हे गाडीत ठेवा, असा हात केला. नानांनी ते निमूटपणे घेतलं, रुमालात घट्ट गुंडाळलं, वरून रबर लावलं आणि पुढच्या कप्प्यात कापसाच्या घडीवर ठेवलं.

भाऊबिजेला निघालो तेव्हा मीही मागच्या सीटवर होतो. गाडी वाटेत बंद पडली तर ढकलायला कुणीतरी पाहिजे, म्हणून. शेजारी फराळाचा मोठा डबा आणि ओवाळणीचं ताट. पुढे काकू, नवी साडी नेसून, दोन्ही हात मांडीवर घेऊन बसलेल्या. नानांच्या कपाळावर घाम. कुणीच बोलत नव्हतं. मी सवयीनं श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

हट्टा गावाच्या पुढे गेलो आणि मला तो आवाज आला. बारीक, हवा सुटल्यासारखा. स्स, मग थोडं थांबून पुन्हा स्स. आता इथून परत फिरणार, काकूंचं ओवाळणं याही वर्षी राहणार. मी नानांच्या बोटाकडे बघत राहिलो. बोट वर गेलं नाही.

"तो नव्हं," नाना म्हणाले, "त्याचा धाकला भाऊ. थोरला औंढ्याला राहतो."

पुन्हा तो बारीक आवाज.

"व्हय, पेरलं व्हतं की. पन पान्यात गेलं समदं."

काकू बोलत होत्या. खिडकीबाहेर बोट दाखवून, थांबत थांबत. कापूस कुणाचा, विहीर कुणाची, कुणाची पोरगी कुठं दिली. नाना समोर रस्त्याकडे बघत प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होते. एकदा तर दोघंही हसले. कशाला ते मला कळलं नाही.

जवळा बाजार गावात नाना केळी घ्यायला उतरले, मीही उतरलो. ते केळी निवडत नव्हते, नुसते हातात धरून उभे होते.

"आपरेशननंतर जुन्या गाडीत ती बोलायची आन् मला काय बी ऐकू यायचं न्हाई," ते म्हणाले. "मी आपला व्हय व्हय करायचो. एकदा दवाखान्यात दाखवून आनताना तिनं वाटेत कायतरी विचारलं. मी व्हय म्हनलो. तर रडाया लागली."

"काय विचारलं होतं?"

"ते मला अजून ठावं न्हाई. विचारलं तर सांगत न्हाई. मंग तिनं गाडीत बोलनंच सोडलं." त्यांनी केळी पिशवीत टाकली. "घरी तोंडाकडं बघून कळतं हो सर. गाडी चालवताना कसं बघनार? कानच पायजे. आन् ह्या गाडीत बी आवाज राहिले असते, तर मी पुन्यांदा खोटं व्हय म्हनलो असतो. ते मला करायचं नव्हतं."

मी ह्या माणसाला इतके दिवस हसत होतो, घरी, स्टाफरूममध्ये, नकला करून. मी उगीचच केळ्यांचा भाव विचारला.

जवळा बाजारच्या पुढे रस्ता खराब आहे. पहिल्याच खड्ड्याला फराळाच्या डब्याचं झाकण वाजायला लागलं. टणटण, टणटण. पुढे काकूंनी नुकतीच नवी गोष्ट सुरू केली होती आणि नाना जरासे डावीकडे कलले होते. मी डबा हळूच उचलून मांडीवर घेतला आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. हाताला रग लागली, घाम डोळ्यांत उतरला, पण धरण दिसेपर्यंत मी ते सोडलं नाही.