दार वाजवून या

कामशेतला सोपानभाऊंच्या वर्गाचं दार सताड उघडं असतं. तरी ते न वाजवता कुणी आत शिरलं, तर भाऊ त्याला पुन्हा जिन्याखाली पाठवतात. दार वाजवायचं, नाव सांगायचं, काय काम आहे ते सांगायचं, मग आत. शेजारी म्हणून मला थोडी सवलत मिळेल असं वाटलं होतं. पहिल्याच रविवारी मी दोनदा जिना चढलो.

भाऊ मूळचे वडिवळ्याचे. पुण्यात संगणकाच्या कंपनीत होते. बायको गेल्यावर नोकरी सोडली आणि आता इथे घराच्या माडीवर प्लगइन लिहायला शिकवतात. लोकांना आपल्या फायली आणि कॅलेंडर स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवता येतील असं एक क्लाउड सॉफ्टवेअर आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला. त्याला बाहेरून नवी सोय जोडायची म्हणजे प्लगइन. तळेगावच्या कंपन्यांतले आम्ही डेव्हलपर आठवडाभर कोड लिहून रविवारी पुन्हा कोडच लिहायला जातो, यावर आमच्या घरच्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

"प्लगइन म्हंजी पावना," भाऊ सांगतात. "पावन्यानं दार वाजवून यायचं, घराच्या भिंती पाडायच्या न्हाईत, आन जाताना असं आवरून जायचं, की कोन आलतं का न्हाई ते कळू नये!"

वर्ग सुटला की आम्ही खुर्च्या रचतो, फळा पुसतो, कप विसळतो. कागदाचा कपटा मागे राहिला तरी भाऊंचा चेहरा पडतो.

यंदा सगळ्यांनी मिळून एक प्लगइन लिहिलं. भातलावणीला आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या, अशी आमच्या मावळातली इर्जिक. कुणाची पाळी कधी, ते आता सगळ्या गावाला मोबाईलवर दिसणार होतं. वडिवळ्याच्या मंडळींनी ते वापरायलाही घेतलं. आता फक्त त्या सॉफ्टवेअरच्या मूळ चमूनं ते स्वीकारायला हवं होतं, म्हणजे जगात कुणालाही ते जोडता आलं असतं. भाऊंना दुसरं काही सुचत नव्हतं. भाजी घेतानाही ते भाजीवालीला इर्जिकच समजावून सांगत.

आणि परदेशातल्या तपासनिसाचा शेरा आला: हे प्लगइन काढून टाकलं, की लोकांनी भरलेल्या तारखाही पुसल्या जातात. आवरायचा तो भाग खुद्द भाऊंनी लिहिला होता. पाहुण्यानं जाताना घरधन्याची भांडीही सोबत नेली होती!

आम्ही हसलो. भाऊंनी मात्र तो शेरा पुन्हा एकदा वाचला. "बराबर हाय त्याचं," ते म्हणाले. "मान्सांचं मागं ऱ्हायला पायजे."

दुरुस्ती करून पाठवली आणि पुढच्या रविवारी भर वर्गात उत्तर आलं. स्वीकारलं! भाऊ चक्क खुर्चीवर चढले. "आवं, आपली इर्जिक जगात गेली!" ते असे ओरडले, की खालचा किराणावाला घाबरून धावत वर आला, तोही दार न वाजवता. भाऊंनी त्यालाच मिठी मारली. मी इतका खूश झालो होतो, की माझे डोळेच भरून आले.

मग नेहमीच्या शिस्तीत आवरून सगळे गेले. गडबडीत माझा डबा वर राहिला, म्हणून मी परत आलो. दार वाजवायला हात उचलला आणि थांबलो. रचलेल्या खुर्च्या भाऊ एकेक करून पुन्हा मांडत होते, जो जिथे बसला होता तिथे.

मला पाहून ते ओशाळले. "तुमी लोक लय चांगलं शिकला. इतकं आवरून जाता, की हितं कुनी आलतं असं वाटतच न्हाई."

मी चहा मागितला, त्यांच्याबरोबर बसून प्यालो आणि तसाच निघालो.

"आवं, डबा ऱ्हायला तुमचा!"

"राहू द्या भाऊ. उद्या येतो न्यायला."

मी जिना उतरून खाली पोचलो, तेव्हा वरून हाक आली.

"उद्या दार वाजवू नका. सरळ आत या."