खानोलकरांच्या समोरचं दार

खानोलकरांना ‘नाही’ म्हणणं माणिकपुरात कोणालाच परवडायचं नाही. कोणी नाही म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, ‘‘कारण लेखी द्या.’’ टँकर आला नाही, कारण लेखी द्या. रिक्षावाला यायला तयार नाही, कारण लेखी द्या. गिरीजहून केळी घेऊन येणारी मार्थाबाई एकदा म्हणाली, ‘‘आज वेलची केळी नाय.’’ तिलाही तेच. तिने पाटी खाली ठेवली.

‘‘वाडीत पानी नाय, साहेब. त्या विहिरीलाच सांगा लिवून द्यायला.’’

खानोलकर खूश. मला म्हणाले, ‘‘बघा, हिने कारण तरी दिलं!’’

उभा जन्म त्यांनी कोर्टात कारकुनी केली होती. बायको गेल्यापासून आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहत. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर. सभेला येताना सहकार कायद्याचं जाडजूड पुस्तक काखेत असायचं आणि खुणेसाठी त्यात बसची जुनी तिकिटं. ते बोलायला उभे राहिले की लोक खुर्च्या मागे सरकवत. पार्किंगच्या भांडणातसुद्धा ते कलमं सांगत, आणि ती ऐकून भांडणारे दोघंही एक होत.

त्यांच्या समोरचे शेजारी मुलाकडे पुण्याला निघाले आणि फ्लॅट विकायला निघाला. घेणाऱ्याने फोनवर आपलं नाव मुकादम सांगितलं. रत्नागिरीचे, वसईतल्याच एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. आमचे सेक्रेटरी दळवी खूश झाले. ‘‘या की! आपल्याच तिकडचे तुम्ही.’’ रविवारी माणूस आला, तो इरफान मुकादम. बरोबर बायको शबाना आणि पाच वर्षांची सना. दळवींनी घर दाखवलं, पण चहाचं विचारायचं ते विसरले.

खानोलकरांनी मात्र सगळ्यांना आपल्या घरात बोलावलं. सना त्यांच्या सोफ्यावर बसली, दोन केळी खाल्ली आणि तिसरं हातात धरून तिथेच झोपली. मोठी माणसं पाण्याच्या वेळा, शाळा, बाजार असं बोलत राहिली. खानोलकर मधेच आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘हळू बोला. ती झोपलीय.’’ त्यांच्या तोंडून ‘हळू’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्या सभेत सभासदत्वाचा अर्ज नाकारायचं ठरलं.

‘‘कारण?’’ खानोलकर उभे राहिले.

‘‘आता कारण काय सांगायचं?’’ दळवी म्हणाले. ‘‘सगळ्यांना माहीत आहे.’’

‘‘मला माहीत नाही. आणि कायद्यालाही नाही. कलम तेवीस. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. माणसाचा धर्म हे कारण असेल तर तसं लिहा आणि खाली सही करा.’’

सही करायला कोणी पुढे आलं नाही. आम्ही चार-पाच जण खानोलकरांच्या बाजूने बोललो, पण आवाज कमी पडला. शेवटी ‘सभेचा निर्णय’ एवढंच लिहून अर्ज परत गेला.

मग खानोलकर पेटले. मुकादमांना घेऊन ते उपनिबंधकांच्या कचेरीत खेटे घालू लागले. इस्त्रीचा शर्ट, काखेत पुस्तक, डब्यात पोळी-भाजी. सुनावणीची तारीख पुढे ढकलली की घरी येऊन तणतणायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तितक्याच उत्साहाने निघायचे. सोसायटीत लोक हसत. ‘‘म्हाताऱ्याचं कोर्ट सुटलं, पण कोर्टाला म्हातारा सोडत नाही!’’

त्या काळात मुकादम कुटुंब बरेचदा त्यांच्याकडे यायचं. सना खाली खेळायला उतरायची. ती उतरली की थोड्याच वेळात वरच्या गॅलऱ्यांतून हाका सुरू होत. ‘‘मिहिर, वर ये, दूध प्यायचंय.’’ ‘‘पूजा, अभ्यास!’’ मुलं एकेक करून वर जात. सना झोपाळ्यावर एकटी उरे. शबाना वरून बघत असायची.

हुकूम आला आणि तो मुकादमांच्या बाजूने आला. सोसायटीने त्यांना सभासद करून घ्यावं, असा स्पष्ट. खानोलकरांनी त्या दिवशी जिन्यात भेटेल त्याला पेढा दिला. दळवींनाही. दळवींनी तो घेतला आणि खिशात टाकला.

आठवड्याने इरफान एकटाच आला. खानोलकरांनी मला हाक मारून वर बोलावलं. त्यांना वाटलं, सामान कधी आणायचं ते ठरवायला आलाय.

‘‘काका,’’ इरफान म्हणाला, ‘‘आम्ही नालासोपाऱ्याला घर बघितलंय. मेव्हण्याच्या शेजारी.’’

‘‘म्हणजे? अरे, हुकूम आहे आपल्या हातात!’’

‘‘आहे ना. तुमच्यामुळे आहे, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण काका, पोरीला खेळायला घ्या, असा हुकूम कोण देतो?’’

खानोलकरांनी सवयीने पुस्तक जवळ ओढलं. उघडलं नाही. त्यांनी विचारलं, ‘‘तिथे मुलं आहेत?’’

‘‘खूप आहेत.’’

‘‘मग बरोबर आहे तुझं,’’ ते म्हणाले आणि त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेले.

तो फ्लॅट नंतर एका गुंतवणूकवाल्याने घेतला आणि कुलूप लावून ठेवला. खानोलकर सभांना यायचे बंद झाले. लोक म्हणाले, बरं झालं, सभा लवकर संपतात.

पावसाळ्यानंतर एका दुपारी मी केळफुलाची भाजी घेऊन वर गेले. त्यांनी दार उघडलं, मी डबा पुढे केला आणि झाकण माझ्या हातातून निसटून चौकटीशी घरंगळत गेलं. उचलायला वाकले तेव्हा दिसलं, दाराच्या कडेला, माझ्या मांडीच्या उंचीवर, बेलचं आणखी एक बटण होतं. नवंकोरं, पांढरं.

‘‘हे इतकं खाली?’’

‘‘हुकूम आला, त्या संध्याकाळीच बसवून घेतलं,’’ ते म्हणाले. ‘‘वरच्याला तिचा हात पोचत नव्हता.’’

मी उगाचच ते बटण दाबलं. आत चिमणीचा चिवचिवाट झाला.

मी त्यांच्या समोरच उभी होते, बोट अजून बटणावर होतं. तरी खानोलकरांनी माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं.